विमानाचें स्वस्त तिकीट



अडतीस वर्षें मुलांना नफा-तोटा शिकविणाऱ्या माणसानें विमानाच्या तिकिटांवर बोलावें, हें कांहींसें चमत्कारिक वाटेल. परंतु या विषयांत मी जें शिकलों, तें फी भरून शिकलों आहें. आणि ती फी माझ्या एकट्याच्या खिशांतून गेली नाहीं. म्हणून, ज्यांना विमानप्रवासाचा बेत प्रथमच आखावयाचा आहे त्यांच्यापुढें तो अनुभव मांडावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु.

माझ्या थोरल्या बहिणीला आम्ही अक्का म्हणतों. तीन वर्षांपूर्वीं तिचें वय पंचाहत्तर होतें. यजमानांची तिथि एकदां काशीस गंगाकाठीं व्हावी, ही तिची जुनी इच्छा. ही तिथि पौषांत येते. पुण्यामुंबईहून काशीपर्यंतचा आगगाडीचा प्रवास एका दिवसाहून अधिक, आणि गुडघे धरलेल्या बाईला तो आतां झेपण्यासारखा नव्हता. तिनें कुटुंबनिवृत्तिवेतनांतून बाजूला टाकलेले पैसे माझ्या हातीं दिले आणि म्हणाली, "एवढ्यांत बसत असेल तर मला विमानानें ने. नसेल बसत, तर तसें स्पष्ट सांग." अक्का, माझी पत्नी व मी असे तिघे जाणार होतों. आम्हां तिघांपैकीं कोणीहि तोंवर विमानांत पाऊल ठेवलें नव्हतें.

कामाला लागल्यावर पहिला धक्का बसला तो असा कीं, विमानाच्या जागेला एक किंमत नसतेच. एकाच रांगेंत शेजारीं बसलेल्या तिघा प्रवाशांनीं तीन निराळीं भाडीं दिलेलीं असतात. आपल्याकडे १९५३ सालीं नियमित विमानवाहतूक सरकारच्या हातीं गेली व १९९४ सालच्या कायद्यानें ती मक्तेदारी संपली. तेव्हांपासून भाडें ठरविण्याचें काम कंपन्यांकडे आहे. मे २०२० पासून ऑगस्ट २०२२ अखेरपर्यंत भाड्यांवर खालची-वरची मर्यादा होती, आणि डिसेंबर २०२५ मध्येंहि उड्डाणें मोठ्या संख्येनें रद्द झालीं तेव्हां सरकारनें तात्पुरती कमाल मर्यादा घातली होती. पण हे अपवाद.

मग कंपनी भाडें ठरविते कसें? याचें मूळ गणित ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनमधील केन लिटलवुड यांनीं १९७२ सालीं मांडलें, आणि तें शाळेंतल्या मुलाला समजावें इतकें सोपें आहे. समजा, एक जागा आज चार हजारांना मागणारा गिऱ्हाईक दारांत उभा आहे. तीच जागा राखून ठेविली, तर शेवटच्या आठवड्यांत निकडीनें जाणारा एखादा मनुष्य तिचे दहा हजार देईल. तो मनुष्य येण्याचा संभव शंभरांत चाळीसांहून अधिक असेल, तर जागा राखावी. कमी असेल, तर आजच विकावी. या हिशेबानें विमानांतल्या जागा निरनिराळ्या भावांच्या कप्प्यांत वाटलेल्या असतात. खालचा कप्पा संपला कीं वरचा उघडतो. कधीं मागणी थंडावली, तर खालचा पुन्हां उघडतोहि. आज हें सारें यंत्रें करतात, एवढाच फरक.

हें गणित एकदां कळलें, म्हणजे तिकिटांविषयींच्या पुष्कळशा दंतकथा गळून पडतात. मंगळवारीं मध्यरात्रीं तिकीट काढावें म्हणजे स्वस्त पडतें. आपण वारंवार चौकशी केली कीं यंत्र आपल्याला ओळखतें आणि भाव चढवितें, असें मला अनेकांनीं सांगितलें. मीं तीन आठवडे सकाळ-सायंकाळ भाडीं वहींत टिपून ठेवलीं. मंगळवाराचें पुण्य माझ्या वहींत कोठें दिसलें नाहीं. भाव चढले ते बहुधा मध्यंतरीं दुसऱ्या कोणी तरी जागा घेतल्यामुळें. तिकीट कोणत्या वारीं काढतों यापेक्षां प्रवास कोणत्या वारीं करतों, यालाच महत्त्व होतें. शुक्रवारची व रविवारची सायंकाळ महाग. मंगळवार-बुधवारची दुपार त्या मानानें स्वस्त. सणावाराची गोष्ट तर विचारूंच नये. देवदिवाळीच्या सुमारास काशीचा भाव पाहून पुढल्या आठवड्याचा पाहावा, म्हणजे मी काय म्हणतों तें कळेल. २०२५ च्या जानेवारींत महाकुंभासाठीं प्रयागराजचीं भाडीं इतकीं चढलीं कीं, तीं आवरावींत असें सरकारला कंपन्यांना सांगावें लागलें.

त्या कप्प्यांचा आणखी एक परिणाम नवख्या माणसाला ठाऊक नसतो. खालच्या कप्प्यांत दोनच जागा उरल्या असतील आणि आपण एकदम तीन मागितल्या, तर यंत्र बहुधा तिन्ही जागा वरच्या भावानें दाखवितें. म्हणून प्रथम एका जागेचा भाव पाहावा, मग दोहोंचा, मग सर्वांचा. फरक पडला तर दोन व एक अशीं तिकिटें निरनिराळीं काढावींत. मात्र तसें केल्यास त्या दोन तिकिटांचा एकमेकांशीं संबंध आहे, हें कंपनीला कळवून ठेवावें. नाहीं तर विमान रद्द झाल्यावर दोघे एका विमानांत आणि तिसरा दुसऱ्यांत, असा प्रसंग येतो. वृद्ध माणसाला एकटें तिकीट कधींहि देऊं नये. आमच्या वेळीं एकटें पडण्याचा मान आमच्या सौभाग्यवतींना मिळाला, व तो त्यांना अद्याप विसरतां आलेला नाहीं.

ज्येष्ठांच्या सवलतीविषयींहि थोडें सांगतों. कांहीं कंपन्या ती देतात, पण मूळ भाड्यावर देतात. कर आणि विमानतळाची आकारणी तशीच राहते. शिवाय खालच्या कप्प्यांतलें साधें तिकीट पुष्कळदां सवलतीच्या तिकिटाहूनहि कमी पडतें. दोन्ही पडताळून पाहावींत. सवलत घेतल्यास वयाचा पुरावा बरोबर हवाच.

आतां माझ्या चुकीकडे येतों. मुंबईहून काशीस थेट विमान होतें. पण मुंबईपर्यंत मोटारीनें जाणें आलें. तेवढ्यांत माझ्या ध्यानांत आलें कीं, पुण्याहून दिल्लीपर्यंत एका कंपनीचें आणि दिल्लीहून काशीपर्यंत दुसऱ्या कंपनीचें अशीं दोन तिकिटें तोडून घेतलीं, तर माणशीं अकराशें रुपये वांचतात. सकाळीं सवानऊला दिल्लींत उतरावयाचें, साडेबाराला पुढचें विमान. मध्यें सवातीन तास. तिथि दुसऱ्या दिवशींची. तेहतीसशें रुपये वांचविले, म्हणून त्या रात्रीं मला स्वतःचें मोठें कौतुक वाटलें होतें.

जानेवारींतल्या दिल्लीच्या धुक्याचा मीं विचार केला नाहीं. पुण्याचें विमान पांच तास उशिरा सुटलें. आम्ही दिल्लींत पोहोंचलों तेव्हां पुढचें विमान केव्हांच निघून गेलें होतें. तें वेळेवर मिळालें असतें तरी सामान सोडवून घेणें, कित्येक किलोमीटर दूरच्या दुसऱ्या इमारतींत मोटारीनें जाणें, तेथें तें सामान पुन्हां देणें, इतके सोपस्कार होते, हें मला तेथें गेल्यावर समजलें. पहिल्या कंपनीचा माणूस सभ्यपणें म्हणाला, "आपला करार दिल्लीपर्यंतचा. तो आम्हीं पुरा केला." दुसरीचा तितक्याच सभ्यपणें म्हणाला, "आपण वेळेवर आलां नाहींत." दोघांचेंहि म्हणणें नियमाला धरून होतें. पुण्याहून काशीपर्यंत एकच तिकीट असतें, तर पुढच्या विमानांत बसवून देण्याची जबाबदारी कंपनीवर पडली असती. दोन तिकिटांच्या मधल्या सवातीन तासांचा धनी मी एकटा होतों.

त्या दिवशींच्या विमानांत जागा नव्हत्या. दुसऱ्या दिवशीं दुपारच्या मिळाल्या, त्या पहिल्या भावाच्या तिपटीनें. अक्का रात्रभर चाकाच्या खुर्चींत बसून होती. बाबतपूरचा विमानतळ काशी शहरापासून सुमारें पंचवीस किलोमीटर आहे. तेथून आम्ही घाटावर पोहोंचलों तेव्हां दिवे लागले होते. तिथि टळली होती. गुरुजींनीं शास्त्राधार सांगून दुसऱ्या दिवशीं कार्य करून दिलें. अक्का मला एका शब्दानेंहि बोलली नाहीं. ती बोलली असती तर बरें झालें असतें.

तेव्हां माझें पहिलें सांगणें असें कीं, भाव पाहण्यापूर्वीं कागदावर दोन रकाने आंखावेत : आपल्याला काय बदलतां येतें आणि काय येत नाहीं. वार बदलतां येतो का, वेळ बदलतां येते का, शेजारचा विमानतळ चालतो का? गोव्याला आतां दाबोळीप्रमाणेंच मोप्यालाहि उतरतां येतें; डिसेंबर २०२५ पासून नव्या मुंबईहूनहि विमानें सुटूं लागलीं आहेत, आणि पुण्याच्या माणसाला तें अंतर मुंबईपेक्षां कमी. जें बदलतां येतें त्यांतून पैसे खुशाल वांचवावेत. जें बदलतां येत नाहीं, म्हणजे तिथि, लग्नाचा मुहूर्त, परीक्षा, इस्पितळांतली वेळ, त्याच्या बाबतींत मात्र काटकसर करूं नये. तेथें निदान एक दिवस आधीं पोहोंचावें, आणि थेट विमान किंवा एकच तिकीट घ्यावें.

दुसरें सांगणें बेरजेचें. प्रथम जो आंकडा दिसतो तो तिकिटाचा नव्हे, तो दुकानाच्या पाटीचा. त्यांत पुढें सोयीचें शुल्क मिळतें, तेंहि पुष्कळदां माणशीं; मग जागा निवडण्याचे पैसे; मग न मागितलेला विमा, ज्याच्यापुढें कधीं कधीं खूण अगोदरच केलेली असते. देशांतल्या साध्या वर्गांत बहुधा पंधरा किलो सामान मोठ्या पेटीचें व सात किलो हातांतलें नेतां येतें. पण कांहीं अतिस्वस्त तिकिटांत मोठी पेटी मुळींच धरलेली नसते. ती विमानतळावर वाढवावयाची म्हटली म्हणजे वांचलेले पैसे तेथेंच राहतात. घरापासून उतरण्याच्या जागेपर्यंतचा सारा खर्च मांडून मगच दोन तिकिटांची तुलना करावी. मध्यरात्रीं उतरविणाऱ्या स्वस्त विमानाच्या हिशेबांत रात्रीच्या मोटारीचें भाडेंहि घालावें लागतें.

मध्यरात्रीवरून आठवलें. आपला पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, विमान कंपनीचा रात्रीं बाराला. चौदा तारखेला ००.३० वाजतां सुटणाऱ्या विमानासाठीं तेरा तारखेच्या रात्रींच घर सोडावें लागतें. या घोटाळ्यांत शिकलेलीं माणसें सांपडतात; चोवीस तासांचें घड्याळ वर्षानुवर्षें शिकविलेला मीहि सांपडतां सांपडतां राहिलों.

आणि तिकीट वायां गेलें म्हणून सारेंच पैसे गेले असें समजूं नये. मूळ भाडें बुडालें तरी सरकारी कर व विमानतळाची आकारणी परत मिळण्याचा हक्क प्रवाशाला आहे. विमान चुकलें असलें तरीहि, आणि तिकीट सवलतीच्या दराचें असलें तरीहि. मात्र ती मागावी लागते. मला हें एका भाच्यानें सांगितलें. पत्र लिहिल्यावर रक्कम आली. थोडी होती, पण ती अक्काच्या पैशांतली होती.

पुढच्या पौषांत आम्ही पुन्हां गेलों. या वेळीं खर्च माझा. मुंबईहून थेट विमान, बुधवारची दुपार, तिथीच्या दोन दिवस आधीं. तिकीट नऊ आठवडे अगोदर काढलें. नांवें ओळखपत्रावर आहेत तशींच, अक्षर न् अक्षर ताडून लिहिलीं. चाकाची खुर्ची तिकिटाबरोबरच सांगून ठेवली. त्या दिवशींच्या सर्वांत स्वस्त तिकिटाहून तें माणशीं साडेसातशें रुपयांनीं महाग होतें.

विमान वर गेल्यावर खिडकीशीं बसलेल्या अक्कानें विचारलें, "कितीला पडलें?" मीं खरा आंकडा सांगितला. तिनें पिशवींतून लहानशी वही काढून तो लिहून घेतला, आणि म्हणाली, "आणि परतीचें?"