बदलांचें प्रक्षेपण

पुण्यामुंबईच्या घरांत खंडाळा हें नांव निघालें, कीं बोरघाट, धुकें आणि पावसाळी सहल डोळ्यांपुढें उभी राहते. सातारकराच्या मनांत मात्र त्याच नांवानें निराळाच प्रदेश जागा होतो. उत्तरेस नीरा नदी, तिच्या कांठीं शिरवळ, पूर्वेकडे कांद्याच्या बाजाराचें लोणंद, दक्षिणेस खंबाटकीचा घाट आणि त्याच्या पायथ्याशीं खंडाळा हें तालुक्याचें ठिकाण. याच तालुक्यांतील नायगांव येथें ३ जानेवारी १८३१ रोजीं सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. एक खंडाळा पुणे जिल्ह्यांत, दुसरा सातारा जिल्ह्यांत. नांव एकच असल्यामुळें लिहिणाऱ्याची गफलत व्हावी, हें स्वाभाविकच आहे.

मराठी विकिपीडिया हा १ मे २००३ पासून चालत आलेला मुक्त ज्ञानकोश. त्यांतील लेख पगारी संपादकमंडळ लिहीत नाहीं. वाचकच लिहितात आणि वाचकच दुरुस्त करतात. या कोशांत नायगांवच्या लेखावर कोणीं अनवधानानें ‘जिल्हा पुणे’ असें लिहून ठेवलें, असें घटकाभर समजावें. लोणंदच्या एखाद्या शिक्षिकेच्या नजरेस तें पडतें. ती ‘पुणे’ हा शब्द खोडते, ‘सातारा’ लिहिते आणि बदल प्रकाशित करते. काम अर्ध्या मिनिटाचें. परंतु तें संपतें न संपतें तोंच या दुरुस्तीची वार्ता जगभर जाऊं लागलेली असते. आणि ती ऐकावयास ना परवाना लागत, ना शुल्क पडत. ही वार्ता कशी जाते, कोणासाठीं जाते आणि मराठी वाचकाला तिचा उपयोग काय, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

बदल उघडे ठेवण्याची कल्पना विकिपीडियाहूनहि जुनी आहे. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रॅमरनें १९९५ सालीं पहिलें विकि संकेतस्थळ सुरूं केलें. कोणींहि यावें आणि पान बदलावें, अशी तेथें मुभा होती. आणि तिच्या जोडीला, अलीकडे काय काय बदललें याची यादीहि होती. दार सताड उघडें ठेवावयाचें, तर आल्यागेल्याची नोंद उंबरठ्यावरच टांगलेली बरी, हें त्यामागील व्यवहारज्ञान. १५ जानेवारी २००१ रोजीं सुरूं झालेल्या विकिपीडियानें हीच प्रथा उचलली. मराठी विकिपीडियावरहि ‘अलीकडील बदल’ हें पान कोणालाहि पाहतां येतें.

ही यादी माणसाला पुरते. यंत्राला पुरत नाहीं. संकेतस्थळावरील नोंदी संगणकाच्या कार्यक्रमांना ठराविक रीतीनें मागतां याव्या, म्हणून जें द्वार ठेवलेलें असतें त्याला एपीआय म्हणतात. साधा कार्यक्रम या द्वाराशीं येतो, ‘नवें कांहीं?’ म्हणून विचारतो, उत्तर घेऊन परततो आणि थोड्या वेळानें पुन्हां येतो. परगांवीं असलेल्या मुलाचें पत्र आलें का, हें पाहण्यासाठीं दर घटकेस टपालकचेरींत खेटे घालणाऱ्या बापासारखी त्याची स्थिति असते. बहुतेक खेपा फुकट जातात. आणि असे हजारों बाप खेटे घालूं लागले म्हणजे कचेरीचें मूळ कामच खोळंबतें. यावरील उपाय नभोवाणीनें कधींच दाखवून ठेवलेला होता. श्रोत्यानें येऊन विचारावें असें नभोवाणी म्हणत नाहीं. ती बोलत राहते. ज्याला हवें असेल त्यानें कान द्यावा.

विकिपीडिया चालविणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशननें प्रथम संगणकावरील गप्पांच्या आयआरसी नांवाच्या जुन्या व्यवस्थेवर एक यांत्रिक निवेदक बसविला. प्रत्येक बदल तो एका ओळींत पुकारीत असे. पुढें आरसीस्ट्रीम नांवाची व्यवस्था आली. २०१७ सालीं तिची जागा इव्हेंटस्ट्रीम्स या एपीआयनें घेतली. त्याची युक्ति साधी आहे. श्रोता कार्यक्रम एकदांच मागणी करतो. सर्व्हर उत्तर देऊं लागतो, परंतु उत्तर पुरें करीत नाहीं. वाक्य अर्धवट ठेवून बोलणारा थांबावा आणि पुढचा शब्द सुचतांच पुन्हां बोलूं लागावा, तसें हें उत्तर वाहत राहतें. एखाद्या लेखांत बदल झाला, कीं त्याची नोंद त्याच उघड्या वाटेनें पुढें येते. जोडणी कांहीं वेळानें तुटली, तर कार्यक्रम ती आपोआप पुन्हां जोडून घेतो.

येथें मात्र हें प्रक्षेपण नभोवाणीच्या एक पाऊल पुढें जातें. भाषण चालू असतां वीज गेली, तर मधलीं वाक्यें श्रोत्याला कायमचीं मुकतात. या प्रवाहांत तसें होत नाहीं. सर्व नोंदी काफ्का नांवाच्या एका व्यवस्थेंत क्रमानें उतरत असतात. लिंक्डइन या कंपनींत ती तयार झाली, २०११ सालीं सर्वांसाठीं खुली झाली, आणि लिहिण्याच्या कामींच ती तरबेज म्हणून तिला फ्रान्झ काफ्का या लेखकाचें नांव मिळालें. दुकानाच्या रोजकीर्दीशीं तिचें फार साम्य आहे. नवी नोंद शेवटीं लिहावयाची. मागची खोडावयाची नाहीं. प्रत्येक नोंदीबरोबर एक खूण येते. जोडणी तुटलेला कार्यक्रम परत येतांना शेवटची खूण दाखवितो आणि रोजकीर्द त्या जागेपासून पुढें वाचून दाखविली जाते. गेल्या कांहीं दिवसांच्या नोंदी याकरितांच राखून ठेवलेल्या असतात.

लोणंदच्या शिक्षिकेच्या दुरुस्तीची नोंद आतां पाहावी. तींत लेखाचें नांव असतें, कोणत्या भाषेचा कोश तें असतें, बदल करणाऱ्याचें नांव, वेळ, त्यानें दिलेलें कारण, आणि बदल माणसानें केला कीं ‘बॉट’ या यांत्रिक सेवकानें, हेंहि असतें. लेखाची लांबी पूर्वीं किती होती आणि आतां किती झाली, हेंहि तींत लिहिलेलें असतें. ही लांबी अक्षरांत मोजीत नाहींत. बाइट या संगणकाच्या मापांत मोजतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीचें प्रत्येक चिन्ह, मग तें अक्षर असो वा काना-मात्रा, तीन बाइट घेतें. ‘पुणे’ या शब्दांत चार चिन्हें, म्हणजे १२ बाइट. ‘सातारा’ या शब्दांत सहा चिन्हें, म्हणजे १८. तेव्हां जगापुढें गेलेली वार्ता एवढीच, कीं नायगांवचा लेख सहा बाइटांनीं वाढला. ‘पुणे’ आणि ‘सातारा’ हे शब्द तींत नाहींतच; ते पाहावयाचे तर आवृत्तीचा क्रमांक सांगून निराळ्या द्वाराशीं मागावे लागतात.

या वार्तांचा उपयोग लोकांनीं नाना प्रकारें केला आहे. २०१३ सालीं स्टीफन लापोर्ट आणि महमूद हाशेमी या दोघांनीं विकिपीडियांतील बदल कानांनीं ऐकावयाची सोय केली. मजकूर वाढला कीं घंटा वाजते, घटला कीं तार छेडल्यासारखा स्वर येतो, आणि बदल जितका मोठा तितका स्वर खर्जाचा. परंतु खरा उपयोग राखणीचा आहे. एखाद्या लेखांतून अकस्मात् मोठा मजकूर गळाला, अथवा एकच नांव घटकेंत दहा लेखांत शिरलें, तर कार्यक्रम तें हेरून जाणत्या माणसांना इशारा देतो. आणि नासधूस झालेला लेख पुष्कळदां वाचकाच्या दृष्टीस पडण्यापूर्वींच पूर्ववत् होतो.

असें असतां मराठी कोशाची राखण आपोआप होईल, असें मात्र समजूं नये. पहिली अडचण ही, कीं हा प्रवाह भाषेप्रमाणें निवडून मिळत नाहीं. तीनशेंहून अधिक भाषांतील विकिपीडिया आणि त्यांचे भाऊबंद प्रकल्प यांचे बदल एकाच लोंढ्यांत येतात. मराठीचे थेंब श्रोत्यानें आपल्या घरीं गाळून घ्यावयाचे. दुसरी अडचण मापाची. तीनशें बाइट गळाले कीं इशारा द्यावा, असा नियम इंग्रजीसाठीं बांधला, तर तेथें तो तीनशें अक्षरांना लागतो. मराठींत अवघ्या शंभर चिन्हांना. म्हणजे निरुपद्रवी छाटणीवरहि आरडाओरड होणार. तिसरी अडचण सर्वांत मोठी आहे. उद्यां कोणीं ‘सातारा’ खोडून पुन्हां ‘पुणे’ लिहिलें, तर लेख सहा बाइटांनीं घटेल, एवढेंच यंत्राला कळेल. कोणताहि शिवराळ शब्द आलेला नाहीं, मोठा मजकूर गेलेला नाहीं, शुद्धलेखनहि बिनचूक आहे. दूरदेशींच्या पहारेकऱ्याला यांत वावगें कांहीं दिसणार नाहीं. हें खोटें आहे असें सांगावयास नीरेच्या दोन्ही तीरांची ओळख असलेलें माणूसच लागतें.

द्वार उघडें आहे हीहि गोष्ट गृहीत धरण्यासारखी नव्हे. ट्विटर या संकेतस्थळाचेंहि प्रोग्रॅमरांसाठीं असें विनामूल्य द्वार होतें. फेब्रुवारी २०२३ मध्यें मालकांनीं तें बंद करण्याची घोषणा केली आणि पुढें जबर दर लावले. त्यावर विसंबून संशोधन करणाऱ्यांची अडचण झाली. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाहतूक संस्थेनें त्याच वर्षींच्या एप्रिलांत आपल्या गाड्यांच्या सूचना तेथें देणेंच थांबविलें. विकिमीडियानें मार्ग निराळा काढला. विकिपीडियाचा मजकूर मोठ्या प्रमाणावर वापरणाऱ्या कंपन्यांसाठीं २०२१ सालीं तिनें विकिमीडिया एंटरप्राइज ही सशुल्क सेवा काढली, आणि २०२२ सालीं गूगल तिचें ग्राहक झालें. सामान्य श्रोत्याचा प्रवाह मात्र विनामूल्यच राहिला. घाऊक व्यापाऱ्यानें पाणीपट्टी भरावी आणि चौकांतील नळ गांवाला मोकळा असावा, असा हा न्याय आहे.

उघडेपणाला एक दुसरी बाजूहि आहे. नभोवाणीवरून सुटलेला शब्द जसा परत घेतां येत नाहीं, तशीच प्रवाहांतून गेलेली नोंदहि. पुढें ती मूळ ठिकाणीं झांकली, तरी ज्यानें ऐकली त्याच्यापाशीं ती राहते. नांव न नोंदवितां लिहिणाऱ्यांचा आयपी पत्ता, म्हणजे त्यांच्या संगणकजोडणीचा क्रमांक, पूर्वीं सर्वांपुढें जात असे. त्यावरून माणसाच्या ठावठिकाणाचा माग लागूं शकतो. म्हणून २०२४ पासून टप्प्याटप्प्यानें त्या क्रमांकाच्या जागीं तात्पुरतें नांव देण्याची पद्धति सुरूं झाली. लेखांत काय बदललें हें जगानें जाणावें. लिहिणारा कोठें बसला आहे हें जाणण्याचें जगाला कारण नाहीं.

एवढ्या सामग्रीवर करावयाचें काम फार मोठें नाहीं. कऱ्हाडचें शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, सांगलीचें वालचंद महाविद्यालय यांसारख्या संस्थांतील एखादा विद्यार्थी चारदोन संध्याकाळीं बसून, कांहीं डझन ओळींत असा कार्यक्रम लिहूं शकेल. त्यानें लोंढ्यांतून मराठीचे थेंब गाळावे, आपल्या तालुक्यांतील गांवांचीं नांवें त्याला शिकवावीं, आणि त्यांपैकीं एखाद्या लेखांत बदल झाला कीं गांवच्या जाणत्या माणसाला हाक पोंचवावी. निवाडा यंत्रानें करूं नये. त्यानें फक्त हाक द्यावी. खरें काय तें शिक्षक, ग्रंथपाल किंवा गांवचा इतिहास जपणारा एखादा वृद्ध ठरवील. छापील कोशांतली चूक दुसरी आवृत्ति निघेपर्यंत तशीच राहत असे. येथें ती त्याच दिवशीं निघूं शकते आणि त्याच दिवशीं परतहि येऊं शकते. नायगांव कोणत्या जिल्ह्यांत, हा प्रश्न सहा बाइटांचा असला, तरी कोशावर विसंबून अभ्यास करणाऱ्या मुलीच्या दृष्टीनें तो खऱ्याखोट्याचा आहे. ती सहा बाइटांची वार्ता आजहि न चुकतां सुटते. तिच्यासाठीं खंडाळ्यांत कोणी जागें असावें, एवढेंच उरलें आहे.