जोडीनं जग बघायचं, पण कागद दोघांचे वेगळे



जोडीनं घर सोडून कामाला जाणं आपल्या नाशिक जिल्ह्याला नवीन नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडची भाताची कामं आटोपली की नवरा-बायको बोचकं बांधतात आणि दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उतरतात. ऑक्टोबरची छाटणी, मग फेलफूट काढणं, डिपिंग, विरळणी आणि शेवटी मालाची काढणी. काही जोड्या ऊसतोडीला थेट गुजरातेत जातात. बोचक्यात दोन भांडी, दोन गोधड्या, पीठ-मीठ आणि कडेवर लेकरू.

आता दुसऱ्या एका जोडीकडे बघू. पाठीवर मोठी सॅक, पायात बूट. हे तरुण नवरा-बायको आपला देश सोडून दुसऱ्या देशात जातात आणि वर्ष-वर्ष फिरतात. जवळचे पैसे संपत आले की एखाद्या शेतावर द्राक्षं किंवा सफरचंदं तोडतात, हॉटेलात भांडी घासतात, चार पैसे जमले की पुढच्या गावाला निघतात. त्यांना बॅकपॅकर म्हणतात. आपली माणसं कामासाठी फिरतात, ही फिरण्यासाठी काम करतात. एवढाच काय तो फरक.

हा विषय आज घेतला, कारण तो आता आपल्या ओट्यापर्यंत आला आहे. दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या एका गटात एका ताईंनी कर्जाची मागणी केली. मुलगा आणि सून, दोघंही बीए झालेले, वय पंचविशीच्या आसपास, दोघांनाही द्राक्षाच्या कामाची चांगली सवय. दोघांना वर्षभर ऑस्ट्रेलियात जायचंय, काम करायचंय, देश बघायचाय. ताईंचं म्हणणं, गटानं एक लाख द्यावेत. गावातल्या एका माणसानं सांगितलं होतं, "पैसे भरा, नंबर मी लावून देतो."

बैठकीत दोन तट पडले. एक म्हणाला, पोरांनी जग बघू नये का? दुसरा म्हणाला, आपल्या घामाचा पैसा फिरायला द्यायचा का? आम्ही म्हटलं, आधी माहिती घेऊ, मग ठरवू. ती माहिती आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, टुरिस्ट व्हिसावर काम करता येत नाही. तो फक्त बघायला जायचा परवाना असतो. त्यावर काम करताना सापडलं तर परत पाठवतात आणि पुढची दारंही बंद होतात. फिरता फिरता काम करायचं असेल तर त्याचा परवाना वेगळा. ऑस्ट्रेलियात त्याला वर्क अँड हॉलिडे व्हिसा म्हणतात, नंबर ४६२. भारतीयांसाठी तो २०२४ मध्ये खुला झाला. वर्षाला जागा फक्त १,०००, आणि त्या चिठ्ठ्या टाकून ठरतात. पहिल्या वर्षी पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे ४०,००० जणांनी नावं नोंदवली. म्हणजे चाळिसात एकाचा नंबर, आणि पुढे नावं वाढली तर तेवढाही नाही.

अटीही ऐका. वय १८ ते ३०. बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण. कामापुरतं इंग्रजी येत असल्याचा पुरावा. स्वतःच्या खात्यात साधारण ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे आपले तीन लाखांच्या आसपास रुपये, शिवाय तिकिटाची सोय. मुक्काम १२ महिने. एका मालकाकडे साधारणपणे सहा महिन्यांपेक्षा जास्त काम करता येत नाही. आणि आपल्यासारख्या बायांसाठी सगळ्यात मोठी अट म्हणजे अवलंबून असलेलं मूल सोबत नेता येत नाही.

चिठ्ठीत नाव टाकायची फी २५ डॉलर, म्हणजे साधारण दीड हजार रुपये. ती ऑनलाइन स्वतः भरायची. पासपोर्ट आणि पॅन कार्ड लागतं. चिठ्ठी संगणक काढतो, तिथं कुणाची ओळख चालत नाही. म्हणून जो कोणी "नंबर लावून देतो" म्हणेल, तो तुमचा पैसा घेऊन बसणार हे नक्की समजा. आमच्या ताईंनी त्या माणसाला अजून काही दिलं नव्हतं, हे बरं झालं.

आता मुद्द्याची गोष्ट. हा अर्ज जोडीचा नसतो, ज्याचा त्याचा असतो. नवऱ्याच्या अर्जात बायकोचं नाव घालता येत नाही. दोघांनी वेगळी नावं टाकायची, वेगळी फी भरायची, पैसे वेगवेगळ्या खात्यात दाखवायचे. मग असंही होऊ शकतं की एकाचा नंबर लागला आणि दुसऱ्याचा नाही.

हे ऐकल्यावर ताई म्हणाल्या, "मुलाचा लागला तर तो जाईल. सुनेचा लागला तर कुणीच नको जायला." बैठक गप्प झाली. सूनबाई मागं बसल्या होत्या, त्याही काही बोलल्या नाहीत.

तेव्हा आम्ही आनंदीबाई जोशींची आठवण काढली. १८८३ साली, म्हणजे विमान नव्हतं, फोन नव्हता तेव्हा, अठरा वर्षांच्या आनंदीबाई नवऱ्याशिवाय बोटीनं अमेरिकेला गेल्या. गोपाळराव मागाहून गेले. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि त्याच वर्षी दोघं मिळून परत आले. पुढे वर्षभरातच त्या आजारानं गेल्या, हे दुःख आहेच. पण बायको आधी आणि नवरा मागून, हे आपल्या मराठी घरात सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी घडून गेलंय. आज ते अशक्य म्हणण्यात काय अर्थ?

कागद वेगळे असण्याचं महत्त्व आपल्या बायांना वेगळं सांगायला नको. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दोन माणसं, चार हात, पण हिशेबात एक कोयता. उचल घेतो नवरा, अंगठा किंवा सही त्याची, मुकादमाच्या वहीत नाव त्याचं. पहाटे उठून भाकरी करणारी, दिवसभर मोळ्या बांधणारी, ट्रकवर चढवणारी बाई त्या वहीत कुठंच नसते. बागेतही उक्तं काम घेतलं की पैसे बहुधा टोळीच्या म्होरक्याच्या नाहीतर नवऱ्याच्या हातात पडतात.

ऑस्ट्रेलियातल्या शेतावर तोडणी बऱ्याचदा उक्तीच असते, जेवढी तोडाल तेवढे पैसे. पण एप्रिल २०२२ पासून तिथं नियम झाला की उक्त्या कामातही तासाच्या किमान मजुरीपेक्षा कमी द्यायचं नाही. पगार झाला की एका कामाच्या दिवसाच्या आत प्रत्येकाला पगाराची पावती द्यावी लागते. टॅक्सचा नंबर ज्याचा त्याचा. तिथं नवरा-बायकोचा एक कोयता होत नाही.

तिथं सगळं गोड आहे असं मात्र नाही. तिथंही ठेकेदार आहेत, खोलीभाडं जास्त कापणारे आहेत, परदेशी पोरांना कमी पैसे देणारे आहेत. तक्रारी झाल्या, म्हणून तर नियम आले. नियम माहीत नसेल त्याला तिथलाही मुकादम फसवतो.

आता पैशाकडे येऊ. आमच्या त्या गटात १२ बाया. महिन्याला १०० रुपये बचत. म्हणजे वर्षाची बचत १४,४०० रुपये. एक लाख म्हणजे सगळ्या जणींची सात वर्षांची बचत! ती एका घराला, तीही चिठ्ठीवर अवलंबून असलेल्या कामाला द्यायची का? एखादीचं बाळंतपण, एखादीचं बियाणं, एखादीच्या लेकीची फी, हे सगळं अडलं तर? वर दोघांचे मिळून सहा लाखांच्या आसपास खात्यात दाखवायचे, व्हिसाची फी माणशी पस्तीस हजारांच्या पुढे, तिकीट वेगळं. एक लाखानं हे भागणार नव्हतंच. उरलेले सावकाराकडून आले असते आणि पोरांची पहिली सहा महिन्यांची मजुरी व्याजात गेली असती. मग ती उचलच झाली की. फिरणं कुठलं?

मग गरिबानं जग बघूच नये का? बघावं. केरळात कोचीला विजयन आणि मोहना नावाचं जोडपं होतं. त्यांचा छोटा चहाचा ठेला, श्री बालाजी कॉफी हाऊस. दोघंच चहा करायचे, दोघंच भांडी घासायचे. रोज सुमारे ३०० रुपये बाजूला टाकायचे. कमी पडलं तर कर्ज काढायचे, फिरून यायचे, पुन्हा ठेल्यावर उभं राहून ते फेडायचे आणि फिटल्यावरच पुढच्या देशाचं नाव काढायचे. असे पंचवीसहून जास्त देश दोघांनी बघितले. विजयन २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये वारले, त्याच्या थोडंच आधी दोघं रशियाला जाऊन आले होते. यात जादू कसली आहे? नियमित बचत, वेळेवर परतफेड. आपण गटात दर बैठकीला हेच म्हणतो.

त्या बैठकीत शेवटी काय ठरलं ते सांगतो. एक लाख द्यायचे नाहीत, हे एकमतानं. पण दोघांचे पासपोर्ट काढायला आणि चिठ्ठीची फी भरायला १०,००० रुपये नेहमीच्या व्याजानं द्यायचे, दहा हप्त्यांत परत. पासपोर्टची फी साधी १,५०० रुपये आहे, केंद्र नाशिकमध्येच आहे, दलाल लागत नाही. सूनबाईंनी तेव्हा तोंड उघडलं. म्हणाल्या, "पासपोर्टवर माहेरचं नाव ठेवलं तर चालेल का? माझे शाळेपासूनचे सगळे कागद त्याच नावावर आहेत." चालतं. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे अशी सक्ती नाही. ठरावाच्या वहीत आम्ही एक ओळ आणखी लिहिली, की ज्याचा नंबर लागेल तो जाईल, मग मुलगा असो की सून. ताईंनी बराच वेळ वही हातात धरली आणि मग सही केली.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातलं कुणी ऑस्ट्रेलियाला जाणार नसेलही. पण सुरतेला जाणार असेल, दिंडोरीला जाणार असेल, आखातात कामाला जाणार असेल. म्हणून पुढच्या बैठकीत एवढं विचारून घ्या.

बाहेर जाणाऱ्या प्रत्येक बाईचं स्वतःचं बँक खातं आहे का, आणि त्याचं पासबुक तिच्याकडे आहे का?

आधार, पॅन, पासपोर्ट तिच्या हातात आहे का? मालकाकडे, मुकादमाकडे किंवा एजंटाकडे मूळ कागद ठेवायचा नाही. झेरॉक्स द्यायची.

आखातात पाठवणारा एजंट सरकारी नोंदणीचा आहे का? ई-मायग्रेट या सरकारी साईटवर त्याचं नाव बघता येतं. त्याला कायद्यानं ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. "व्हिजिट व्हिसावर चला, तिथं काम लावतो" म्हणाला तर उठून यायचं.

गुजरातेत जाणार असाल तर आपल्याच रेशनकार्डावर तिथल्या दुकानात धान्य मिळतं. महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये ही सोय २०१९ पासून आहे. आधार जोडलेलं असलं पाहिजे.

लेकरं सोबत जाणार असतील तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, म्हणजे तिथल्या शाळेत दाखल करताना अडत नाही.

आणि शेवटचं, मजुरी ठरवताना दोघांची वेगळी ठरवा. मालक नाही म्हणेल, मुकादम हसेल. पण निदान आपल्या घरच्या वहीत तरी लिहा, याचे एवढे दिवस, हिचे एवढे दिवस. वर्षाच्या शेवटी बेरीज करा आणि ती घरात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा.

आपली द्राक्षं दरवर्षी पेटीत बसून युरोपात जातात. कुठल्या बागेतली, कुठल्या दिवशी तोडलेली, सगळं कागदावर असतं. ती तोडणाऱ्या बाईचंही नाव कुठंतरी लिहिलेलं असायला हवं. सुरुवात आपल्या गटाच्या वहीतून करू.