खर्ड्यानंतरची भीती
(नभोवाणीवरील भाषण)



रविवारी सकाळी आबिड्सची बहुतेक दुकानं बंद असतात आणि त्यांच्या मिटलेल्या शटरांपुढे, फुटपाथवर, जुन्या पुस्तकांचे ढीग लागतात. हैदराबादेत शिकलेल्या माणसाला हा बाजार ठाऊक नाही असं सहसा होत नाही. मागे एका रविवारी तिथे मला आमच्याकडची एक विद्यार्थिनी भेटली. मूळची नांदेडकडची, राज्यशास्त्रात एम.ए. करते आहे. हातात हान्स मॉर्गेन्थाऊ यांचं 'पॉलिटिक्स अमंग नेशन्स'. कसरीनं पानांना भोकं पाडलेली, समासात आधीच्या कुणा वाचकाच्या पेन्सिलीच्या बारीक खुणा. ती म्हणाली, "सर, हा वास्तववाद म्हणजे शेवटी 'बळी तो कान पिळी' एवढंच ना? मग त्याला एवढं जाडजूड पुस्तक कशाला?"

हा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो. आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यास करणाऱ्या मुलांना पहिल्याच महिन्यात वास्तववाद शिकवला जातो, आणि बहुतेकांच्या मनात त्याची गाठ क्रौर्याशी पडते. बलवानाला जे जमतं ते तो करतो आणि दुर्बळाला सोसावं लागतं, हा ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसच्या मेलोस बेटाच्या प्रसंगाचा आशय पाठ होतो. परीक्षेत तो लिहिला जातो आणि विषय तिथेच संपतो. मला मात्र या विचाराच्या मुळाशी बळापेक्षा भीती जास्त दिसते. ती भीती कशी काम करते हे समजून घ्यायला अथेन्सला जायची गरज नाही. आबिड्सवरून पायी जाता येईल एवढ्या अंतरात तिची दोन्ही टोकं आहेत. त्या दिवशी मी तिला ते पुस्तक घ्यायला लावलं आणि आधी 'तोप का सांचा' दाखवायला नेलं.

गनफाउंड्री हे नाव तुम्ही रोज ऐकता. बसचा कंडक्टर ओरडतो, रिक्षावाला विचारतो. ते नाव ज्या कारखान्यावरून पडलं, त्या तोफा ओतण्याच्या जागेचे अवशेष तिथल्या वस्तीत अजून आहेत. अठराव्या शतकाच्या शेवटी निजाम अली खानाच्या चाकरीत असलेल्या रेमंड नावाच्या फ्रेंच सेनापतीनं तो कारखाना उभारला. एक मोठं राज्य फ्रेंच माणसाला पगार देऊन आपल्या राजधानीत तोफा का ओतून घेतं? तर त्याला कुणाचं तरी भय वाटत असतं. इथूनच वास्तववादाचा धडा सुरू होतो.

गावात दोन भावांचं बांधावरून भांडण झालं तर फौजदाराकडे जाता येतं, कोर्टात जाता येतं. दोन राज्यांनी कुणाकडे जायचं? त्यांच्या वर कोतवाल नाही. केनेथ वॉल्ट्झ यांनी १९७९ साली आपला सगळा सिद्धांत या एका गोष्टीवर रचला. पुस्तकात तिला 'अराजक' म्हणतात. म्हणजे दंगाधोपा असं समजू नका. वर दाद मागायला कुणी नाही, एवढाच तिचा अर्थ. मग प्रत्येक राज्याला आपलं आपण सांभाळावं लागतं, आणि शेजाऱ्याच्या मनात काय आहे ते कधीच खात्रीनं कळत नाही.

१७९० च्या दशकातलं दख्खन हे याचं नमुनेदार उदाहरण आहे. दिल्लीचा बादशहा नावाला सगळ्यांच्या वर होता, पण त्याचा हुकूम कुठेच चालत नव्हता. खाली पुणे, हैदराबाद, श्रीरंगपट्टण आणि किनाऱ्यावरून आत सरकत आलेली इंग्रजांची कंपनी. १७९० ते १७९२ मध्ये पुणे, हैदराबाद आणि इंग्रज एकत्र येऊन टिपूवर चालून गेले आणि त्याचं अर्धं राज्य वाटून घेतलं. समान शत्रू खचला आणि एकत्र राहण्याचं कारणही उरलं नाही. लगेच चौथाईच्या थकबाकीचा जुना वाद वर आला. पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे हैदराबादच्या दरबारात हिशोब मागत होते आणि निजामाचा दिवाण अरस्तूजाह मुशीरुल्मुल्क त्यांना उडवून लावत होता. विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगतो की त्या काळातल्या मराठी वकिलांची पत्रं वाचा. कोणाची पलटण कुठे हलली, कोणाचा पगार थकला, कोणता सरदार कोणावर रुसला, हे सगळं टिपून घेण्याची त्यांची नजर आजच्या कुठल्याही परराष्ट्र खात्याला शोभेल अशी होती.

१७९५ च्या मार्चमध्ये आजच्या जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला लढाई झाली. पेशव्यांच्या बाजूला परशुरामभाऊ पटवर्धनांच्या सेनापतीपणाखाली शिंदे, होळकर, भोसले, सगळे एकत्र. एवढे मराठे सरदार एका झेंड्याखाली त्यानंतर पुन्हा कधी लढले नाहीत. रेमंडच्या कवायती पलटणी निजामाकडून लढल्या, पण निजाम अली खान रात्री माघार घेऊन खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला आणि तिथे कोंडला गेला. तह झाला. दौलताबादच्या किल्ल्यासह मोठा मुलूख, थकबाकी आणि खर्चापोटी सुमारे ३ कोटी रुपये, आणि खुद्द दिवाण अरस्तूजाह पुणेकरांच्या ताब्यात.

महाराष्ट्रात खर्ड्याचं नाव निघालं की अजूनही छाती फुगते. मीही मराठीच आहे, मलाही त्याचा अभिमान आहे. पण हैदराबादेत जन्म गेलेल्या मराठी माणसाला खर्डा दुसऱ्या बाजूनंही दिसतो. इथून पाहिलं की त्या विजयाचा पुढचा परिणाम स्पष्ट होतो. इंग्रजांच्या दोन पलटणी त्या वेळी निजामाच्या पदरी होत्या, पण गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर यांनी मराठ्यांविरुद्ध त्या वापरू दिल्या नाहीत. चिडून निजामानं त्या रवाना केल्या आणि रेमंडचं बळ वाढवलं. रेमंडचं बळ वाढलं तसे इंग्रज धास्तावले, कारण युरोपात त्यांचं फ्रान्सशी युद्ध चालू होतं. प्रत्येकजण स्वतःच्या बचावासाठी एक पाऊल टाकत होता आणि त्याच पावलानं दुसऱ्याची झोप उडत होती. जॉन हर्ट्झ यांनी १९५० साली याला जे नाव दिलं, त्याला मराठीत आपण सुरक्षेचा पेच म्हणतो. गनफाउंड्रीच्या त्या पडक्या भिंतींकडे बघितलं की हा पेच मला पुस्तकापेक्षा लवकर समजतो.

आता इथे एक अवघड प्रश्न येतो. कंपनी पुण्यापेक्षा बलाढ्य होत चालली होती. मग निजामानं पुण्याशी हातमिळवणी करून कंपनीला रोखायला नको होतं का? सत्तासमतोलाचं साधं गणित तेच सांगतं. स्टीफन वॉल्ट यांनी १९८७ साली या गणितात एक दुरुस्ती केली, आणि मला ती फार मोलाची वाटते. राज्यं निव्वळ ताकद मोजत नाहीत, ती धोका मोजतात, असं ते म्हणतात. शेजार किती जवळचा, त्याचं सैन्य चढाईला किती सज्ज, त्याचा हेतू कसा वाटतो, हे सगळं त्या धोक्यात येतं. कौटिल्यानंही शेजारी राजाला शत्रू आणि शेजाऱ्याच्या शेजाऱ्याला मित्र धरलं होतंच. निजामाच्या डोळ्यांपुढे खर्ड्याचा किल्ला होता, आपल्याच दिवाणाला पुण्याला घेऊन जाणारे मराठे स्वार होते. कलकत्ता दूर होतं.

१७९८ च्या मार्चमध्ये रेमंड वारला. त्याच वर्षी वेलस्ली गव्हर्नर जनरल होऊन आला आणि नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला. १ सप्टेंबरला हैदराबादचा तह झाला. कंपनीच्या सहा पलटणींची तैनाती फौज, वर्षाला सुमारे २४ लाख रुपये खर्च निजामाकडे, फ्रेंचांना रजा, आणि पेशव्यांशी वाद झालाच तर मध्यस्थी इंग्रजांची. ऑक्टोबरमध्ये सुमारे १४ हजारांच्या त्या फ्रेंच फौजेला कंपनीच्या पलटणींनी वेढलं. थकलेल्या पगारानं चिडलेल्या शिपायांनी आपल्याच फ्रेंच सेनापतीला धरून ठेवलं होतं. जवळजवळ रक्त न सांडता त्यांची हत्यारं खाली ठेवली गेली. दोन वर्षांनी, १८०० साली, फौजेच्या खर्चापोटी निजामानं टिपूकडून मिळालेला मुलूख कंपनीला देऊन टाकला. आजची बरीचशी रायलसीमा आणि बल्लारी त्यात आली. इतर राज्यांशी परस्पर बोलणी करण्याचा हक्कही त्यानं सोडला. पुढे राखणीच्याच नावानं ठेवलेल्या दुसऱ्या एका फौजेमुळे कर्ज वाढत गेलं आणि १८५३ साली आपलं वऱ्हाडसुद्धा त्यात गेलं.

तोप का सांच्यावरून आम्ही कोटीला गेलो. तिथे रेसिडेन्सीची इमारत आहे. १८०३ च्या सुमारास कंपनीचा रेसिडेंट जेम्स अ‍ॅकिलिस कर्कपॅट्रिक यानं ती बांधायला घेतली. उंच खांब, पायऱ्यांच्या दोन बाजूंना बसलेले दगडी सिंह, माथ्यावर कंपनीचं चिन्ह. पुढे १९४९ पासून मुलींचं कॉलेज इथे भरू लागलं. या जागेची एक गोष्ट कंपनीचा अधिकारी जॉन माल्कम यानं सांगून ठेवली आहे. कर्कपॅट्रिकनं जागा मागताना तिचा नकाशा एका भल्यामोठ्या कागदावर काढून निजामापुढे मांडला. निजामानं ठाम नकार दिला. नंतर कुणीतरी रेसिडेंटच्या कानात सांगितलं की तुमच्या नकाशाचा कागद आमच्या अख्ख्या राज्याच्या नकाशाएवढा होता. मग तोच आराखडा एका छोट्या कार्डावर काढला गेला आणि मंजुरी मिळाली. आख्यायिकेत मीठमिरची असेल, पण त्या दरबारातली धास्ती तिच्यात नेमकी उतरली आहे.

पायरीवर बसून ती म्हणाली, "सर, पण पुण्याचं काय? त्यांना दिसत नव्हतं का?"

दिसत होतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५ च्या आसपास, टोपीकर, म्हणजे युरोपी व्यापारी, हे नुसते सावकार नाहीत, त्यांच्या मागे राज्य आहे, त्यांना समुद्रालगत बळकट ठाणी करू देऊ नका, असा स्पष्ट इशारा आहे. मराठीतला हा अस्सल वास्तववाद आहे आणि राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात तो मॉर्गेन्थाऊंच्या शेजारी असायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. समजत नव्हतं असं नाही. पण खर्ड्याला आठ महिने झाले नाहीत तोच पेशवे सवाई माधवराव गेले. गादीच्या भांडणात पाठिंबा हवा म्हणून नाना फडणवीसांनी पुढच्याच वर्षी महाडला निजामाकडून जिंकलेलं बरंचसं परत देण्याचं कबूल केलं. जिंकलेला मुलूख असा हातचा निसटत गेला, हैदराबादच्या मनातली भीती मात्र गेली नाही. १७९९ मध्ये टिपू एकटा पडला तेव्हा पुणे बाजूला राहिलं. १८०० मध्ये नाना वारले.

आणि १८०२ च्या ऑक्टोबरमध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ नव्या पेशव्याचा, दुसऱ्या बाजीरावाचा, पराभव केला. बाजीराव पळाला, आणि ३१ डिसेंबरला वसईला त्यानं कंपनीशी तह केला. सहा हजारांची तैनाती फौज, तिच्या खर्चापोटी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख. निजामाच्या तहाचीच ही नक्कल. निजाम पुण्याला भ्यायला, बाजीराव होळकराला भ्यायला, आणि दोघेही एकाच दारात गेले. वॉल्ट्झ यांचा सिद्धांत इथे मला अपुरा वाटतो. बाहेरून दबाव आला की राज्यं समतोल साधतात, असं ते धरून चालतात. पण पुणे हे एक राज्य राहिलंच नव्हतं. घरातलाच माणूस परक्यापेक्षा जास्त धोक्याचा वाटू लागला, की बाहेरचा समतोल कोण पाहणार? नंतरच्या वास्तववाद्यांनी राज्याच्या आतली भांडणं हिशोबात घेतली, ती याचसाठी.

मॉर्गेन्थाऊंच्या त्या जाड पुस्तकाकडे पुन्हा येतो. नाझी जर्मनीमुळे देशोधडीला लागलेला हा माणूस शिकागोला शिकवत होता. सत्ता हा राजकारणाचा गाभा आहे असं त्यानं लिहिलं, आणि त्याच माणसानं व्हिएतनाममधल्या अमेरिकी युद्धाला उघड विरोध केला. दोन्हींत विसंगती नाही. सत्ता मोजायला शिकलेला माणूस स्वतःच्या सत्तेची हद्दही मोजतो, आणि समोरच्याला किती दाबायचं, तेही. खर्ड्याच्या तहात ही मोजणी चुकली असं मला वाटतं. थकबाकी मागणं रास्त होतं. पण शेजाऱ्याचा सगळ्यात हुशार माणूस ओलीस धरून नेणं?

तो अरस्तूजाह पुण्यात जवळपास दोन वर्षं होता. सवाई माधवरावांचा मृत्यू, नाना आणि शिंद्यांची ओढाताण, गादीवर कुणाला बसवायचं याची कारस्थानं, कोण कुणाला विकत घेतो आहे, हे सगळं त्यानं तिथे राहून पाहिलं. १७९७ मध्ये तो सुटून हैदराबादला परतला आणि पुन्हा दिवाण झाला. १७९८ चा तह इंग्रजांशी ज्यानं घडवून आणला, तो हाच माणूस.