कपड्यांच्या मशिनची नाडी

आपल्या भाषेत 'बिघडणं' हा फार सोयीचा शब्द आहे. पोट बिघडतं, पोरगं बिघडतं, हवा बिघडते आणि मशिनही बिघडतं. पण पोट बिघडलं म्हणून आपण माणूस बदलत नाही. काल काय खाल्लं ते विचारतो. मशिन बिघडलं की मात्र हा प्रश्न कुणी विचारत नाही. "जुनं झालं, नवं घेऊन टाका," असा सल्ला दारात उभ्या-उभ्याच मिळतो.

मी कविता लिहिणारा, बी. ए. झालेला माणूस. यंत्रांचं शिक्षण मला नाही. पण मी सोलापूरचा. यंत्रमागांचा खडखडाट ऐकतच लहानाचा मोठा झालो. माग बंद पडला की जॉबरला बोलावणं जायचं. तो आल्याआल्या पाना हातात घेत नसे. आधी माग हातानं फिरवून बघे, कान देई, धागा बघे, धोटा बघे, पट्टा बघे. स्वस्तातलं आणि सोपं कारण आधी, महागातलं शेवटी. घरातल्या वॉशिंग मशिनलाही हीच रीत लागू पडते, असा माझा अनुभव आहे.

आमच्याकडे समोरून दार उघडणारं, म्हणजे फ्रंट लोड मशिन अकरा वर्षांपासून आहे. पत्नीच्या मनगटांना संधिवात आहे, म्हणून ते घेतलं. त्यामुळे मशिन बंद पडणं ही आमच्या घरात केवळ खर्चाची बाब नाही. मशिन थांबलं की बादली पुन्हा तिच्या हातात जाते. बहुतेक घरांत असंच होतं.

आता हे मशिन करतं काय? आडव्या ड्रममध्ये कपडे वर उचलले जातात आणि खाली आपटतात. धुण्याच्या दगडावर आपटण्याचीच ही रीत आहे, फक्त बंद डब्यात आणि थोड्या पाण्यात. म्हणून याला कमी फेसाची, फ्रंट लोडसाठीची पावडर लागते. फेस जास्त झाला तर कपडे त्या फेसाच्या गादीवर अलगद पडतात आणि मळ निघत नाही. उरलेला साबण ड्रमच्या मागे थर धरून बसतो आणि मग कुबट वास येतो. 'जास्त पावडर, जास्त स्वच्छ' हा हिशेब इथे उलटा आहे.

मशिन पाणी सोडत नसेल, तर आधी प्लग काढा. मशिनच्या पुढच्या बाजूला खाली एक छोटी झडप असते, तिच्यामागे फिल्टर असतो. गरम पाण्याची धुलाई झालेली असेल, तर पाणी थंड होऊ द्या. खाली पसरट भांडं आणि फडकं ठेवून फिल्टर हळूहळू फिरवा. आमच्याकडे त्यातून नाणी, साडीची पिन, शर्टाची बटणं आणि एकदा माझ्या कवितेच्या कागदाचा लगदा निघाला आहे. महिन्यातून एकदा हे काम केलं, की पंपाचं आयुष्य वाढतं.

मशिन पाणी घेत नसेल, तर नळ बंद करून मागची नळी सोडवा. तिच्या तोंडाशी बारीक जाळी असते. बोअरच्या पाण्यातली रेती आणि क्षार तिथे अडकतात. जुन्या दातांच्या ब्रशनं जाळी साफ होते. पाण्याचा दाबही बघायला हवा. दहा मीटर उंचीच्या पाण्याला साधारण १ बार दाब मिळतो. गच्चीवरच्या टाकीच्या अगदी खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांच्या नळाला त्यामुळे पाव बारच्या आसपासच दाब मिळतो. मशिनला किमान किती दाब हवा, ते माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं.

मशिन सतत पाणी घेतंय आणि सोडतंय, असं दिसलं तर सांडपाण्याच्या नळीचं तोंड फार खाली तर नाही ना, ते पाहा. तसं असेल तर भरलेलं पाणी आपोआप ओढून बाहेर जातं. नळी पुस्तिकेत दिलेल्या उंचीवर अडकवली, की बिघाड संपला.

कपडे पिळले जात नसतील, तर लगेच मोटर गेली असं समजू नका. आमची सोलापुरी चादर एकटीच टाकली, तर ती ओली होऊन एका बाजूला गोळा होते. मशिन तोल साधायचा प्रयत्न करतं आणि शेवटी पिळणं सोडून देतं. सोबत दोन टॉवेल टाकले की काम होतं. मशिन खोलीभर नाचत असेल, तर चारही पाय फरशीवर टेकलेत का, ते बघा. नवं मशिन असेल, तर वाहतुकीसाठी लावलेले मागचे बोल्ट काढले आहेत ना, याचीही खात्री करा. ते बोल्ट जपून ठेवा, घर बदलताना पुन्हा लागतात.

देखभाल म्हणाल तर अगदी साधी आहे. धुणं झालं की दाराच्या रबराची घडी पुसायची, त्यातले केस आणि धागे काढायचे. दार थोडं उघडं ठेवायचं, पण घरात लहान मूल असेल तर लक्ष ठेवून. पावडरचा कप्पा धुवायचा. महिन्या-दोन महिन्यांनी रिकामं मशिन गरम पाण्यावर फिरवायचं. पाणी जड असेल, तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे क्षार काढणारी पावडर वापरायची. मशिनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर मात्र मशिन तिथेच बंद करून आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यायचं. त्यात चालढकल नको.

हे सगळं बघूनही बिघाड उरला, तर कारागिराला बोलवायचं. त्याला एकच विचारायचं : झिजणारा भाग गेलाय की सांगाडा? पट्टा, पंप, दाराचं लॉक, हीटर, शॉक अ‍ॅब्जॉर्बर आणि जुन्या पद्धतीच्या मोटरमधले कार्बन ब्रश हे सारे झिजणारे भाग. चपलेचा अंगठा तुटावा तसे ते जातात. त्यासाठी चप्पल फेकायची नसते. सांगाडा म्हणजे ड्रम, त्याला मागून धरणारा तीन हातांचा धातूचा आधार आणि बाहेरची टाकी. इलेक्ट्रॉनिक कार्डाचाही खर्च मोठा असतो.

बेअरिंग या दोन्हींच्या सीमेवर आहे. नवव्या वर्षी आमचं मशिन पिळताना विमानासारखं घोंघावू लागलं. एकानं नुसतं ऐकून नवं घ्यायला सांगितलं. दुसरा तरुण कारागीर आला. त्यानं प्लग काढला, पट्टा उतरवला, ड्रम हातानं फिरवला आणि कड धरून वर-खाली हलवून पाहिली. म्हणाला, "चाचा, मोटर ठणठणीत आहे. बेअरिंग गेलंय. तुमची टाकी स्क्रूची आहे, उघडता येईल. पण सीलसुद्धा बदलू. सील गळतं म्हणूनच पाणी बेअरिंगमध्ये जातं." नव्या मशिनच्या किमतीच्या पाव हिश्श्यात काम झालं. मशिन आजही चालू आहे.

माझ्या धाकट्या बहिणीकडे नेमकं उलटं घडलं. तिच्या मशिनचा मागचा आधार क्षारांनी आणि साबणानं खाऊन तुटला होता. टाकी प्लास्टिकची, कायमची जोडलेली, म्हणून अख्खी बदलायला हवी होती. कार्ड त्याआधी एकदा बदलून झालं होतं. तिनं नवं मशिन घेतलं आणि तो निर्णयही तितकाच शहाणपणाचा होता. जाणकार एक ढोबळ हिशेब सांगतात : मशिन सात-आठ वर्षांपुढचं असेल आणि दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीवर जात असेल, तर थांबावं. नवं घेताना टाकी उघडता येते का आणि सुटे भाग किती वर्षं मिळतील, हे विक्रेत्याला आवर्जून विचारावं.

हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. युरोपीय संघात मार्च २०२१ पासून असा नियम आहे, की वॉशिंग मशिनचे महत्त्वाचे सुटे भाग त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान दहा वर्षं मिळाले पाहिजेत. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठी पोर्टल सुरू केलं. आणि मशिन खरोखरच निकामी झालं, तर ते रस्त्याकडेला टाकायचं नाही. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यांत वॉशिंग मशिनही येतं. नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच ते द्यावं.

शेवटी एक घरगुती गोष्ट सांगतो. दुरुस्ती करायची की नवं घ्यायचं, हा निर्णय बहुतेक घरांत पैसे देणारा घेतो. पण मशिनचा आवाज कधीपासून बदलला, पाणी कधी सांडलं, हे धुणं लावणाऱ्याला ठाऊक असतं. आणि दुरुस्तीला आठ दिवस लागले, तर त्या आठ दिवसांचे कपडेही त्याच हातांना धुवावे लागतात. म्हणून कारागीर आला की आधी त्या व्यक्तीला पुढे बोलवा, तिला बोलू द्या. आणि मशिन दुरुस्त होईपर्यंत दुसरी बादली आपण उचला.