गोंदियाचा माणूस, फुटबॉलची खुर्ची



आपला जिल्हा धानाचा. फुटबॉलची गोष्ट निघाली की लोक कोलकाता, गोवा, फार तर कोल्हापूर म्हणतात. गोंदिया कुणाच्या तोंडी येत नाही. पण अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची खुर्ची तेरा वर्षांहून जास्त काळ सांभाळली ती गोंदियाच्याच प्रफुल्ल पटेलांनी. 1985 साली इथले नगराध्यक्ष, पुढे खासदार, मग केंद्रात मंत्री. 2008 मध्ये महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष प्रियरंजन दासमुन्शी आजारी पडले, तेव्हा महासंघाचा कारभार पटेलांकडे आला. पुढच्या वर्षी ते रीतसर निवडून आले.

महासंघाचा अध्यक्ष काही संघ निवडत नाही. त्याचं काम पैसा उभा करायचा, स्पर्धा आणायच्या, फिफाशी सूत जुळवायचं. पटेलांना ते छान जमलं. 2010 मध्ये पंधरा वर्षांसाठी 700 कोटींचा करार झाला, त्यातून 2014 ला इंडियन सुपर लीग उभी राहिली. आय-लीग ही जुनी राष्ट्रीय स्पर्धा मात्र मागे पडली अशी तक्रार होते, आणि ती खोटी नव्हे.

त्यांच्या काळातला सर्वात मोठा क्षण 9 ऑक्टोबर 2017 चा. सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात. दिल्लीत कोलंबियाविरुद्ध ब्याऐंशीव्या मिनिटाला कॉर्नर आला, मणिपूरच्या जॅक्सन सिंगनं उंच उडी मारून डोक्यानं चेंडू जाळ्यात धाडला. फिफाच्या विश्वचषकात भारताचा हा पहिला गोल! पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं गोल केला नि सामना गेला, ते सोडा. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता.

त्याच महिन्याच्या अखेरीस दिल्ली उच्च न्यायालयानं पटेलांची फेरनिवड रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली आणि महासंघाची नवी घटना लिहायला सांगितलं. केंद्राच्या तेव्हाच्या क्रीडा संहितेप्रमाणे अध्यक्षाला बारा वर्षांची मर्यादा होती. डिसेंबर 2020 मध्ये मुदत सरली, तरी खटल्याचं कारण पुढे करून निवडणूक झाली नाही. शेवटी मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना दूर केलं आणि प्रशासक नेमले. बाहेरचा हस्तक्षेप म्हणत फिफानं ऑगस्टमध्ये भारतालाच निलंबित केलं; अकरा दिवसांनी निलंबन उठलं.

विश्वचषक आणल्याचं श्रेय पटेलांना द्यावंच लागेल. पण वेळेवर निवडणूक घेतली असती, तर ही नामुष्की टळली असती असं मला वाटतं.

2 सप्टेंबर 2022 ला निवडणूक झाली. माजी गोलरक्षक कल्याण चौबे यांनी भारताचा माजी कर्णधार बायचुंग भुतियाला 33 विरुद्ध 1 मतांनी हरवलं. 1937 साली स्थापन झालेल्या महासंघाला पहिल्यांदाच अध्यक्ष म्हणून खेळाडू मिळाला.