प्रसिद्धी, दान आणि हिशेब
(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



एके काळी संस्थेला निधी हवा असला म्हणजे पावतीपुस्तक घेऊन कार्यकर्ते घरोघर जात. दात्याच्या ओट्यावर बसावे लागे, कामाची माहिती सांगावी लागे, दोन प्रश्नांना उत्तरे द्यावी लागत. आता तेच आवाहन मोबाईलवरून एका क्षणात हजारो घरी पोहोचते. साधन वेगवान झाले. परंतु ते वापरावे कसे, याचे शिक्षण मात्र त्या वेगाने झालेले नाही. यास्तव या साधनाच्या बळावर झालेल्या एका जगप्रसिद्ध मोहिमेचा ताळेबंद येथे मांडणे उचित ठरेल.

ही मोहीम २०१४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत पसरली. 'आइस बकेट चॅलेंज' या नावाने ती ओळखली गेली. तिच्या मुळाशी ए.एल.एस. नावाचा दुर्धर रोग होता. या रोगात हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या चेतापेशी मरत जातात. हातपाय, वाचा, गिळणे आणि शेवटी श्वास, एकेक शक्ती जाते. बुद्धी मात्र बहुधा शाबूत राहते. निदानानंतर बहुतेक रुग्णांना दोन ते पाच वर्षांचेच आयुष्य लाभते. बोस्टन कॉलेजच्या बेसबॉल संघाचा माजी कर्णधार पीट फ्रेट्स यास २०१२ साली, वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी हा रोग जडला. न्यूयॉर्कनजीकच्या पॅट क्विन या तरुणासही पुढच्याच वर्षी तेच निदान ऐकावे लागले. डोक्यावर बर्फाचे पाणी ओतून घेण्याचा खेळ यांच्या आधीही चालू होता. या दोघांनी व त्यांच्या आप्तेष्टांनी तो या रोगाशी जोडला आणि फेसबुकवरून तो जगभर गेला.

नियम अगदी सोपे होते. बादलीभर बर्फाचे पाणी डोक्यावर ओतून घ्यावे, त्याची चित्रफीत प्रसिद्ध करावी, तिघांची नावे घेऊन त्यांना आव्हान द्यावे. त्यांनी चोवीस तासांत तसेच करावे, अथवा देणगी द्यावी. अनेकांनी दोन्ही केले. फेसबुकच्या मोजणीनुसार १ कोटी ७० लाख चित्रफिती प्रसिद्ध झाल्या व ४४ कोटी लोकांनी त्या पाहिल्या. अमेरिकेतील ए.एल.एस. असोसिएशन या संस्थेकडे ऑगस्टअखेरच्या एका महिन्यात १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम आली. आदल्या वर्षी त्याच मुदतीत ती २८ लाख डॉलर होती. त्या उन्हाळ्याची एकूण जमा ११ कोटी ५० लाख डॉलरवर गेली.

या यशातून पहिला धडा मिळतो तो मागणीच्या स्पष्टतेचा. काय करायचे, किती वेळात करायचे आणि पुढे कोणाला सांगायचे, या तिन्ही गोष्टी एका वाक्यात मावत होत्या. 'सर्वांनी यथाशक्ती सहकार्य करावे' असे म्हटले म्हणजे प्रत्येकास वाटते की दुसरा करील. तिघांची नावे घेतली म्हणजे ती जबाबदारी त्या तिघांची होते.

दुसरा धडा माणसाच्या चेहऱ्याचा. रोगाचे लांबलचक नाव लोकांच्या स्मरणात राहिले नसते. परंतु कालपर्यंत मैदानावर धावणारा आणि आज खुर्चीस खिळलेला तरुण लोकांनी डोळ्यांनी पाहिला. दाता हा माणसाकडे पाहून हात सैल करतो.

तिसरा धडा गर्दी आणि देणगी यांतील अंतराचा. कापडाच्या दुकानात ठाण उलगडून पाहणारे पुष्कळ असतात. कापड फाडून घेणारे मोजके असतात. पाहणाऱ्याचेही स्वागत करावे, पण सायंकाळी गल्ला मोजताना त्याची गणती करू नये. कित्येकांनी पाणी ओतले, हशा मिळविला आणि रोगाचे नावही घेतले नाही. मोबाईलवर उमटणारे अंगठे ही जमा रक्कम नव्हे.

चौथा धडा मोहिमेच्या मालकीचा. ऑगस्ट २०१४ मध्येच असोसिएशनने या नावावर व्यापारचिन्हाचा हक्क मिळविण्यासाठी अर्ज केला. लोकांनी उभी केलेली चळवळ संस्था आपल्या नावे करू पाहते, अशी टीका होताच काही दिवसांतच तो अर्ज मागे घेण्यात आला. संस्था ही निधीची विश्वस्त असते, लोकांच्या उत्साहाची मालक नसते. चूक झाली तरी ती तत्काळ सुधारल्याने विश्वास टिकतो, हेही यातून दिसले.

पाचवा धडा पाण्याचा. त्याच वर्षी कॅलिफोर्निया दुष्काळाने होरपळत होता आणि पिण्यायोग्य पाणी गंमतीखातर ओतले जात होते. या प्रश्नाचे सुंदर उत्तर आपल्याच देशातून मिळाले. हैदराबादच्या पत्रकार मंजुलता कलानिधी यांनी ऑगस्ट २०१४ मध्ये 'राइस बकेट चॅलेंज' सुरू केले. पाणी ओतण्याऐवजी बादलीभर तांदूळ गरजू व्यक्तीस द्यावा आणि इतरांस तसे करण्याचे आवाहन करावे, एवढीच ती कल्पना. येथे प्रसिद्धीसाठी काहीही वाया गेले नाही. जी वस्तू बादलीत होती तीच दान होती.

सहावा धडा सर्वांत महत्त्वाचा, तो हिशेबाचा. अनपेक्षित धन आले की संस्थेची खरी परीक्षा सुरू होते. असोसिएशनने विनियोग जाहीर केला. ११ कोटी ५० लाखांपैकी सुमारे ७ कोटी ७० लाख डॉलर संशोधनास, २ कोटी ३० लाख रुग्णसेवेस, सुमारे १ कोटी लोकशिक्षणास आणि उर्वरित निधिसंकलन व व्यवहारशुल्कास. या निधीचे साहाय्य लाभलेल्या एका आंतरराष्ट्रीय संशोधनातून २०१६ साली 'नेक-१' या जनुकाचा रोगाशी असलेला संबंध उघड झाला. २२ लाख डॉलरची मदत ज्याच्या चाचणीस झाली होती, त्या एका औषधास २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यताही मिळाली. परंतु पुढील मोठ्या चाचणीत त्याचा गुण सिद्ध झाला नाही आणि २०२४ मध्ये उत्पादकाने ते बाजारातून काढून घेतले. प्रामाणिक हिशेबात फसलेला प्रयत्नही लिहावा लागतो. तो लपविला तर पुढल्या वेळी दाता हात आखडता घेतो.

उत्साहाची लाट मात्र दुसऱ्यांदा तशी आली नाही. २०१५ च्या ऑगस्टमध्ये तीच मोहीम पुन्हा योजण्यात आली. तेव्हा मिळालेली रक्कम आदल्या वर्षाच्या मानाने अगदी अल्प होती. लाटेवर संस्थेचा वार्षिक खर्च बेतता येत नाही, त्यासाठी दरवर्षी थोडे थोडे देणारे दातेच लागतात.

पीट फ्रेट्स ९ डिसेंबर २०१९ रोजी निवर्तला, वयाच्या ३४ व्या वर्षी. पॅट क्विन नोव्हेंबर २०२० मध्ये गेला. तो ३७ वर्षांचा होता. ज्यांच्यासाठी लक्षावधी लोकांनी थंडगार पाणी अंगावर घेतले, त्या दोघांना औषध वेळेवर मिळाले नाही. रोग समूळ बरा करणारे औषध आजही हाती नाही. मग हे सारे व्यर्थ गेले काय? तसे म्हणता येणार नाही. उद्याच्या रुग्णासाठी वाट थोडी पुढे सरकली आहे, आणि ती किती सरकली हे सांगता येते, कारण हिशेब ठेवला गेला.

समाजाच्या मोबाईल गटांवर रुग्णांच्या साहाय्यासाठी आवाहने फिरत असतात. काही वेळा गरज भागल्यावरही तोच संदेश महिनोन्‌महिने फिरत राहतो आणि कळवळ्याने दिलेला पैसा कोठे गेला ते दात्यास समजत नाही. म्हणून प्रत्येक आवाहनावर तारीख, लागणारी रक्कम आणि जबाबदार विश्वस्ताचे नाव असावे. रुग्णाचे छायाचित्र त्याच्या कुटुंबाच्या संमतीनेच द्यावे. रक्कम जमताच आवाहन थांबल्याचे कळवावे, आणि खर्चाचा तपशील त्याच गटावर, तेवढ्याच ठळकपणे प्रसिद्ध करावा. पावतीपुस्तक घेऊन ओट्यावर बसणाऱ्या जुन्या कार्यकर्त्यांना दात्याच्या प्रश्नांना जी उत्तरे द्यावी लागत, तीच ही उत्तरे होत. सुवर्णमहोत्सव पाहणारी संस्था पन्नास वर्षे अशा उत्तरांवरच उभी असते. नव्या पिढीने नवे साधन अवश्य हाती घ्यावे. सोबत जुनी वहीही घ्यावी, एवढीच नम्र विनंती.

जय जिनेंद्र.