पोस्टकार्डावरचे उत्तर

(दुबई येथे शब्बाथ समाप्तीनंतर केलेले भाषण)



आत्ताच आपण आकाशात तीन तारे पाहून शब्बाथला निरोप दिला. म्हणून आज ताऱ्यांविषयीच बोलावे, असे मनात आले.

चाळीस वर्षांपूर्वी, हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी, मी रात्रपाळीला निघाले असता माझ्या मुलाने विचारले, “आई, तो तांबूस तारा कोणता?” मला घाई होती. मी म्हणाले, “झोप आता.” त्याने पुन्हा कधी विचारले नाही. रुग्णाचा कोणताही प्रश्न क्षुल्लक मानू नये, असे परिचारिकेच्या शिक्षणात आम्हांला शिकवले होते. घरी मात्र मी ते विसरले.

म्हणूनच कै. डॉ. जयंत नारळीकरांची एक रीत मला थोर वाटते. कोल्हापुरात 1938 साली जन्मलेले हे खगोलशास्त्रज्ञ 1957 मध्ये केंब्रिजला गेले. तेथे फ्रेड हॉइल यांच्यासारखा गुरू त्यांना लाभला. 1988 मध्ये त्यांनी पुण्यात ‘आयुका’ ही संस्था उभारली. व्याख्यानानंतर मुले स्वाक्षरीसाठी त्यांना गराडा घालीत. ते स्वाक्षरी देत नसत. विज्ञानातला प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवायला सांगत. उत्तर येई, आणि त्याखाली सहीही असे! नुसती सही मागण्यास विचार करावा लागत नाही. प्रश्न लिहिण्यास करावा लागतो.

अमेरिकेत यहुदी कुटुंबात जन्मलेले कार्ल सेगन हेही असेच. डिसेंबर 1975 मध्ये नील टायसन हा सतरा वर्षांचा मुलगा कॉर्नेल विद्यापीठ पाहण्यास आला. सेगननी स्वतः त्याला प्रयोगशाळा दाखवली, आपले पुस्तक सही करून दिले आणि बसथांब्यावर पोहोचवले. बर्फ पडत होता. बस न सुटल्यास आपल्या घरी मुक्कामाला यावे, म्हणून घरचा दूरध्वनी क्रमांकही दिला. नीलने पुढे हार्वर्डची निवड केली. पण तो खगोलशास्त्रज्ञ झाला, आणि आपण माणूस म्हणून कसे व्हावे हे त्या दिवशी कळले, असे तो आजही सांगतो.

गेल्या हिवाळ्यात येथल्या वाळवंटात माझ्या नातवाने त्याच ताऱ्याकडे बोट दाखवले. या वेळी मी सांगितले, “ती रोहिणी. अरब तिला ‘अल-दबरान’, म्हणजे मागून येणारी, म्हणतात; कारण ती कृत्तिकांच्या, त्यांच्या ‘सुरैया’च्या, मागोमाग चालते. तिचा आज दिसणारा प्रकाश सुमारे 65 वर्षांपूर्वी निघाला. तेव्हा तुझी आजी परकर नेसून शाळेत जात होती.”

शेजारी उभा असलेला माझा मुलगा हळूच म्हणाला, “आई, मला उत्तर मिळाले हो.”

बंधुभगिनींनो, प्रत्येकाला खगोलशास्त्र येणार नाही. पण “मला ठाऊक नाही, आपण शोधू या” एवढे म्हणण्यास पदवी लागत नाही. मुलाला “झोप आता” म्हणण्यापूर्वी एकदा वर पाहावे, एवढीच विनंती.

शालोम.